सूत, बखरकार आणि गंगाधरपंत : कल्पित जगातील इतिहासकाराविषयी

कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुराच्या पाठीशी आगाशिवाचा डोंगर आहे. त्याच्या कड्यांत, जखिणवाडीच्या अंगाला, साठांहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. एवढ्या खोदकामाच्या मानाने तेथे अक्षर फार थोडे उरले आहे. कोणा दात्याने लेणे दान दिले, एवढेच काय ते दगड सांगतो. तो दाता कोणत्या राजाच्या काळी जगला, त्याचा व्यापार कसला होता, त्याला लेणे खोदवावेसे का वाटले, याविषयी दगड मौन पाळतो. त्या दात्यानंतर सुमारे सहस्र वर्षांनी याच करहाटकाविषयी एका कवीने मात्र भरभरून लिहिले. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सहावा विक्रमादित्य (कारकीर्द १०७६ ते ११२६) याच्या आश्रयाला आलेल्या काश्मिरी बिल्हणाने 'विक्रमाङ्कदेवचरित' रचले, आणि त्याच्या आठव्या व नवव्या सर्गांत करहाटाच्या शिलाहार राजाची कन्या चंद्रलेखा आणि तिचे स्वयंवर यांचे सविस्तर वर्णन केले. देशोदेशीचे राजे जमले आहेत, प्रतिहारी एकेकाचे गुण सांगत आहे, आणि राजकन्या एकेकाला ओलांडून पुढे जात आहे. संस्कृत काव्याच्या वाचकाला हा मंडप ओळखीचा आहे. कालिदासाने तो 'रघुवंशा'त इंदुमतीसाठी आधीच उभारून ठेवला होता.

चंदलादेवी या नावाची विक्रमादित्याची राणी शिलालेखांतून भेटते. तेव्हा राजकन्या खरी. स्वयंवराचा मंडप मात्र कृष्णा-कोयनेच्या काठी कोणी पाहिला असेल, असे मानावयास बिल्हणाखेरीज आधार नाही. विशेष म्हणजे हीच चंदला आणखी एका काश्मिरी ग्रंथात डोकावते. कल्हणाने बाराव्या शतकाच्या मध्याला 'राजतरंगिणी' लिहिली. तीत काश्मीरचा राजा हर्ष कर्णाटाधिपतीच्या या राणीचे चित्र पाहून वेडावतो, तिच्यासाठी दक्षिण जिंकण्याच्या प्रतिज्ञा करतो, आणि त्याच्या भोवतीचे लाळघोटे या वेडाचा यथास्थित फायदा घेतात, अशी हकीकत आहे. कल्हणाचा बाप चंपक हा हर्षाचा मंत्री. दरबारातली लाज त्याने घरात ऐकली असणार.

एक राजकन्या आणि तिच्याविषयी लिहिणारे दोघे. एकाने तिच्यासाठी कल्पित दरबार रचला. दुसऱ्याने तिच्या चित्रापायी हसे झालेला खरा दरबार नोंदवला. येथे प्रश्न उपस्थित होतो तो असा, की बिल्हणाला काय म्हणावयाचे? तो कवी आहेच. परंतु त्याने राजाचे चरित्र सांगण्याची प्रतिज्ञा केली आहे आणि अठराव्या सर्गात स्वतःचे कुळ, गाव, भ्रमंती, मिळालेला मान हे सर्व सांगून ग्रंथावर आपली मुद्रा उठवली आहे. थोरला भाऊ सोमेश्वर याला पदच्युत करून विक्रमादित्याने गादी घेतली, हा त्या चरित्रातला अवघड भाग. तेथे बिल्हण साक्षात शंकराला मध्ये आणतो, आणि राजा नाइलाजाने देवाज्ञा पाळतो. १८७४ साली जेसलमेरच्या भांडारात ब्यूलर यांना या काव्याची पोथी सापडली आणि पुढच्या वर्षी ती छापली गेली. तेव्हापासून इतिहाससंशोधकांनी या देवाज्ञेला बाजूला सारून उरलेले तथ्य गाळून घेतले आहे. संशोधकाच्या दृष्टीने ते योग्यच. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र त्या गाळलेल्या चोथ्याकडेच पाहावयास हवे. कारण देव नेमका कोठे आणला गेला आहे, यावरून सांगणाऱ्याची अडचण कोठे होती हे कळते.

सांगणारा आणि लिहिणारा हे दोन भिन्न आहेत, ही गोष्ट आजच्या समीक्षेत इतक्यांदा उच्चारली जाते की ती जवळजवळ निरर्थक झाली आहे. तथापि तिचा एक विशिष्ट प्रकार मराठीत पुरेसा विचारात घेतला गेलेला नाही. तो म्हणजे कल्पित जगाच्या आत राहणारा, त्या जगाचा इतिहास लिहिणारा इतिहासकार. लेखकाने जग निर्माण करावयाचे, आणि त्या जगाची नोंद ठेवण्यासाठी त्याच जगातला एक माणूस नेमावयाचा. त्या माणसाला स्वतःचे वय असते, धनी असतो, पोटापाण्याची चिंता असते, स्मरणाच्या मर्यादा असतात. तो चुकतो. तो लपवतो. आणि तो चुकतो व लपवतो हे वाचकाला दिसावे, अशी व्यवस्था लेखकाने करून ठेवलेली असते.

युरोपात या युक्तीचे थोर उदाहरण सर्वान्तेसचे. 'डॉन किहोते'च्या पहिल्या भागात (१६०५) कथा ऐन लढाईत तुटते, कारण म्हणे पुढचे कागद उपलब्ध नाहीत. मग निवेदकाला तोलेदोच्या बाजारात अरबी लिपीतली बाडे मिळतात. त्यांचा कर्ता सिदे हामेते बेनेन्हेली नावाचा अरब इतिहासकार. मनुके आणि गहू एवढ्या मोबदल्यावर एकाकडून भाषांतर करून घेतले जाते, आणि वर वाचकाला बजावले जाते की या इतिहासकाराच्या जातीवर फारसा विश्वास ठेवू नये. बेनेन्हेली नावाचा इतिहासकार कधी झाला नाही. त्याच्यामुळे किहोतेचे जग खरे वाटू लागते आणि त्याच्याचमुळे ते संशयास्पदही होते. विसाव्या शतकात टोल्किनने आपल्या संपूर्ण कल्पित खंडाचा वृत्तान्त त्याच खंडातील एका जुन्या लाल पुस्तकातून उतरवल्याचा बहाणा केला, तोही याच घराण्यातला.

हा प्रकार परका म्हणून बाजूला ठेवण्याचे मात्र कारण नाही. आपल्याकडे तो इतका जुना आहे की आपण तो ओळखेनासे झालो आहोत.

महाभारत स्वतःला इतिहास म्हणवते. त्या इतिहासाचा कर्ता व्यास हा त्यातील पात्र आहे. लढणाऱ्या दोन्ही पक्षांचा तो आजा आहे, म्हणजे निःपक्षपाती राहण्यास सर्वांत अपात्र. त्याचे आख्यान जनमेजयापुढे वैशंपायन सांगतो, ते ऐकून आलेला सौती ते नैमिषारण्यात शौनकादिकांना पुन्हा सांगतो, आणि युद्धाचा भाग तर संजय आंधळ्या धृतराष्ट्राला सांगतो. या संजयाची एक लकब मोठी मार्मिक आहे. तो रणभूमीवरून येतो आणि आधी भीष्म पडल्याची बातमी देतो. धृतराष्ट्राचा आक्रोश ओसरल्यावर मग मागे जाऊन पहिल्या दिवसापासूनचे युद्ध सांगू लागतो. शेवट ठाऊक असलेल्या माणसाने आरंभ सांगावयाचा, ही इतिहासकाराची अवस्था. दिव्य दृष्टी असूनही संजय शोकाच्या क्रमाने सांगतो, काळाच्या क्रमाने नव्हे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत या संहितेची चिकित्सा झाली, तिच्यामुळे या सूतांच्या आवाजांतील थर अधिक स्पष्ट झाले. सभापर्वातील सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयात करहाटकाचे नाव येते. तेथे लढाई होत नाही. दूत पाठवूनच ते वश होते. (कऱ्हाडकरांनी याचा अभिमान धरावा की खेद करावा, हा प्रश्न तूर्त सोडून देऊ.) त्याच ठिकाणी, एजर्टन यांनी सिद्ध केलेल्या पाठात, अंताखी आणि रोमा ही नावेही आहेत. ज्या युगात पांडव झाले असे मानले जाते त्या युगात रोम कोठून येणार? रोम येते ते सूताच्या काळातून. व्यापारी तांड्यांबरोबर त्याच्या कानांवर पडलेली नावे त्याने सहदेवाच्या वाटेवर ठेवून दिली. कल्पित जगातील इतिहासकार आपल्या विषयापेक्षा आपल्या काळाविषयी अधिक प्रामाणिक असतो, तो असा.

बखरीचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. मराठी विभागांतून बखर शिकविली जाते ती एक तर गद्यशैलीचा नमुना म्हणून, नाही तर इतिहासाचे दुय्यम साधन म्हणून. १८७८ साली सुरू झालेल्या 'काव्येतिहाससंग्रहा'ने बखरी छापून वाचकांपुढे आणल्या, तेव्हा त्यांचे स्वागत पूर्वजांचा ठेवा म्हणून झाले. वीस वर्षांनी, १८९८ मध्ये, राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. अस्सल पत्रे हाती आल्यावर बखरींची किंमत काय राहिली, हे त्यांनी आपल्या प्रस्तावनांतून कठोरपणे सांगितले. स्थळकाळाचा घोळ, नावांची सरमिसळ, आकड्यांची फुगवट या सर्वांवर त्यांनी बोट ठेवले. र. वि. हेरवाडकरांचा 'मराठी बखर' (१९५७) हा प्रबंध आल्यावर बखरीला वाङ्मयप्रकार म्हणून स्थिर स्थान मिळाले. परंतु राजवाड्यांनी केलेला खरे-खोटेपणाचा निवाडा आणि वाङ्मयीन अभ्यासकांनी केलेले शैलीचे कौतुक, या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात बखरकार नावाची व्यक्ती तशीच उभी राहिली. तिच्याकडे पात्र म्हणून पाहिले गेले नाही.

ती व्यक्ती पाहण्याजोगी आहे. कृष्णाजी अनंत सभासद १६९४ च्या सुमारास जिंजीला राजारामांच्या आज्ञेवरून त्यांच्या वडिलांचे चरित्र सांगतो. राज्य संकटात आहे, राजधानी हातची गेली आहे, राजा दूरच्या किल्ल्यात अडकला आहे, आणि एक वृद्ध सेवक त्याला सांगतो की तुमचे वडील असे होते. त्या सांगण्यातला प्रत्येक आकडा तपासता येईल आणि बरेच आकडे पडतील. पण कोण कोणाला कोणत्या घटकेला सांगतो आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या ग्रंथाचे वाचन पुरे होत नाही. मल्हार रामराव चिटणीस १८१० च्या सुमारास साताऱ्यात लिहू लागतो, तेव्हा शिवाजीमहाराजांच्या निधनाला एकशे तीस वर्षे झालेली आहेत. छत्रपतींची गादी साताऱ्यात आहे आणि सत्ता पुण्यात. चिटणीस घराण्याचा पूर्वज बाळाजी आवजी त्या चरित्रात मानाने वावरतो, यात नवल ते काय? चिटणीस खोटे लिहितो असे म्हणण्यापेक्षा, नामधारी राजाच्या पदरी असलेला कुलाभिमानी लेखक भूतकाळ कसा भरजरी करतो हे तेथे दिसते, असे म्हणणे अधिक उपयोगाचे. 'भाऊसाहेबांची बखर' तर आणखी पुढची. तिच्या कर्त्याविषयीच अभ्यासकांत एकमत नाही. ज्याचे नावही निश्चित नाही अशा माणसाचा आवाज मात्र त्या बखरीत विलक्षण ठसठशीत आहे. पराभव सांगताना तो कोठे घाई करतो, कोठे रेंगाळतो, दोष कोणाच्या पदरात घालतो, हे कादंबरीच्या वाचकालाच नीट कळेल.

बखरकाराच्या हातून स्थळे निसटतात, याविषयीही थोडे सौम्य व्हावयास हरकत नाही. मलकापूर म्हटले तर एक कऱ्हाडजवळचे, एक विशाळगडाच्या वाटेवरचे शाहूवाडी तालुक्यातले, आणि तिसरे बुलढाणा जिल्ह्यातले. जुन्या कागदात नुसते 'मलकापूर' आले तर आजचा संशोधकही क्षणभर थबकतो. बखरकार थबकत नाही. त्याला माहीत असलेले मलकापूर हेच त्याच्या जगातले एकमेव मलकापूर असते.

आता कादंबरीकडे वळले की एक मोठी उणीव जाणवते. १८७१ साली गुंजीकरांची 'मोचनगड' 'विविधज्ञानविस्तारा'तून आली. मराठीतील ही पहिली ऐतिहासिक कादंबरी एका कल्पित किल्ल्यावर उभी राहिली, ही गोष्ट शुभशकुनाची होती. शिवकाल खरा आणि गड खोटा, असा तो करार होता. त्या वाटेने गेले असते तर कल्पित गडाचा कल्पित बखरकारही यथाकाल जन्माला आला असता. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांतला निवेदक वाचकाशी उघडपणे बोलतो, थांबतो, मागे वळतो. त्याच्यात कीर्तनकाराचा अंश आहे आणि म्हणून तो दिसतो. पुढे मात्र कादंबरीकाराला निवेदक दिसणे हाच दोष वाटू लागला. रणजित देसाईंच्या 'स्वामी'त (१९६२) पेशव्यांच्या महालात वाचक थेट प्रवेश करतो. दार उघडणारा कोणीच नसतो. 'श्रीमान योगी'ला (१९६८) नरहर कुरुंदकरांच्या लेखणीची जी प्रदीर्घ प्रस्तावना लाभली, ती मराठीतील इतिहासचिकित्सेचा उत्तम नमुना आहे. पण ती चिकित्सा कादंबरीच्या उंबऱ्याबाहेर राहिली. आत गेल्यावर तिचा आवाज ऐकू येत नाही. प्रस्तावनेत शंका आणि संहितेत खात्री, अशी ही वाटणी झाली, आणि बहुसंख्य वाचक प्रस्तावना ओलांडून जातात हे कोणाला ठाऊक नाही?

पुराणकथांवरील कादंबऱ्यांत हीच गोष्ट निराळ्या रीतीने घडली. खांडेकरांच्या 'ययाती'त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण बोलतात. अनेक निवेदक आणल्यामुळे सत्याचे अनेक पैलू दिसावेत, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात सगळ्यांच्या कथनातून नायकाच्या एकाच प्रतिमेवर प्रकाश पडत राहतो. हे आत्मकथन कोणाला उद्देशून आहे, कधी केले आहे, मृत्यूनंतर की आधी, असले प्रश्न विचारण्याची सोयच नाही. महाभारतात संजयाला धृतराष्ट्र होता, वैशंपायनाला जनमेजय होता. 'मृत्युंजय'मध्ये ऐकणारा फक्त वाचक आहे, आणि वाचकाला उलटा प्रश्न करता येत नाही. सूतपुत्राच्या कथेतून सूतच निघून गेला, याची खंत मराठी समीक्षेने कधी फारशी केली नाही.

याचा परिणाम साहित्याच्या पलीकडे गेलेला आहे. महाराष्ट्रात गेली कित्येक दशके इतिहासाचे सार्वजनिक ज्ञान कादंबरीतून येते. कादंबरीतला संवाद भाषणांत ऐतिहासिक वचन म्हणून उद्धृत होतो. कादंबरीकाराने रंगविलेला खलनायक हा त्या घराण्याचा पिढीजात दोष ठरतो, आणि मग वाद, निषेध, कोर्टकचेऱ्या ओघानेच येतात. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला 'हे कशावरून?' असे विचारले तर तो निःशंकपणे कादंबरीचे नाव सांगतो. दोष त्याचा नाही. त्याला कोणी सांगणारा दाखविलाच नव्हता, तर तो अविश्वास कोणावर ठेवणार? सांगितलेली गोष्ट आणि तिचा पुरस्कार, नोंद आणि मत, यांतला भेद ज्या समाजाला करता येत नाही त्याला कागदाचीच भीती वाटू लागते. २००४ च्या जानेवारीत भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, तो एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकातील मजकुराच्या निमित्ताने. ज्या वास्तूत महाभारतातील कोणता श्लोक कोणाच्या तोंडचा हे निश्चित करण्यात अर्धशतक खर्ची पडले होते, त्याच वास्तूतील कपाटे त्या दिवशी फोडली गेली. एका घटनेचे खापर कादंबरीवर फोडणे अन्यायाचे होईल. तिची कारणे राजकारणात आहेत. तरीही वाचनाच्या ज्या सवयी कादंबरीने लावल्या, त्या अशा प्रसंगी कामाला आल्या नाहीत, एवढे तरी मान्य करावयास हवे.

मराठीत कल्पित जगातला इतिहासकार परत आला तो अनपेक्षित दारातून. जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी' (१९७९) या संग्रहात 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आहे. नारळीकर हे मूळचे कोल्हापूरचे खगोलशास्त्रज्ञ. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले, तेव्हा या कथेचाही उल्लेख झाला, पण विज्ञानकथा म्हणूनच. ती विज्ञानकथा आहे हे खरे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात की जेथे मराठे पानिपत जिंकले आहेत. कंपनी सरकार तेथे देशाचे धनी झाले नाही, किनाऱ्यावरच्या मोजक्या ठाण्यांत अडकून राहिले. गंगाधरपंत काय करतात? तलवार उपसत नाहीत, भाषण ठोकत नाहीत (ते पुढे ठोकतात, आणि त्याची फळेही भोगतात). ते ग्रंथालयात जातात. त्या जगातले स्वतःच्याच नावावरचे इतिहासग्रंथ मागवून वाचतात, आणि काळाची वाट नेमकी कोठे फुटली ते शोधतात. आरंभीचे खंड जसेच्या तसे आहेत. बदल आहे तो पानिपतापाशी. मग ते मूळ साधनाकडे, म्हणजे भाऊसाहेबांच्या बखरीकडे जातात.

येथे नारळीकरांनी जे केले त्याचे मोल वाङ्मयीन अभ्यासकांच्या अद्याप ध्यानात आलेले दिसत नाही. त्यांनी बखरकाराला तसाच ठेवला आहे. त्याची भाषा तीच, ढंग तोच. विश्वासराव गर्दीत घोडा घालतो, गोळी येते. गंगाधरपंतांच्या ओळखीच्या जगात बखरकार देवाची मर्जी फिरल्याचे सांगतो आणि गोळी लागते. त्या दुसऱ्या जगात देव कृपाळू होतो आणि गोळी कानाजवळून जाते. एका तिळाएवढा फरक, आणि त्यावर दोन जगे. आधुनिक वाचकाला हा फरक योगायोगाचा वाटतो. कथेतला राजेंद्र देशपांडे पुंजवादाच्या आधाराने त्याचे स्पष्टीकरणही देतो. बखरकाराच्या लेखी मात्र तो देवाचा कौल आहे, दोन्ही जगांत सारखाच. पराभव झाला तर ईश्वरेच्छा, जय झाला तरी ईश्वरेच्छा. म्हणजे ज्या जागी कारण देता येत नाही त्या जागी बखरकार देव ठेवतो, आणि नेमकी तीच जागा इतिहासाचा सांधा असते. बिल्हणाने सोमेश्वराच्या पदच्युतीपाशी शंकराला उभे केले ते आठवावे. अकराव्या शतकातला दरबारी कवी आणि अठराव्या शतकातला अनामिकप्राय बखरकार यांच्यात नारळीकरांनी, बहुधा नकळत, एक धागा बांधून दिला.

आणखी एक गोष्ट. गंगाधरपंत परत येतात तेव्हा त्यांच्या म्हणण्यावर कोणी विश्वास ठेवावा असा एकच पुरावा त्यांच्याजवळ असतो. खिशात राहिलेले त्या दुसऱ्या बखरीचे एक फाटके पान. त्यांचे स्वतःचे आधुनिक, साधार, टीपायुक्त खंड त्या जगातच राहिले. इकडे आले ते बखरीचे पान. राजवाड्यांच्या परंपरेत वाढलेल्या विद्वानाला शेवटी बखरीचाच आधार घ्यावा लागतो, यातला विनोद सूक्ष्म आहे. आणि ते पान खरे आहे, पण या जगात खोटे आहे. एकाच कागदाला दोन निरनिराळ्या जगांत दोन मूल्ये. 'सत्य की असत्य' या एका प्रश्नावर बखरीचा निकाल लावणाऱ्या अभ्यासपद्धतीला याहून नेमका आक्षेप मराठीत कोणी घेतलेला नाही, आणि तो घेतला एका गणितज्ञाने, करमणुकीच्या कथेत.

यावर असा प्रतिवाद होऊ शकेल की कल्पित इतिहासकार ही बुद्धीची करामत आहे. सामान्य वाचकाला कादंबरीत बुडून जावयाचे असते, त्याला पायरीवर रोखून धरणारा साक्षीदार नको असतो. या म्हणण्यात तथ्य आहे. 'स्वामी'च्या असंख्य वाचकांना जे मिळाले ते खोटे नव्हते. माधवरावांचे दुखणे त्यांना आपल्या घरातल्या दुखण्यासारखे जाणवले, ही लहान कमाई नव्हे. पण सामान्य वाचकाला साक्षीदार झेपत नाही, हे मात्र पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या याच वाचकाच्या पूर्वजांनी संजयाच्या तोंडून युद्ध ऐकले, पोथी सांगणाऱ्या पुराणिकाच्या आडून व्यासाला ऐकले, आणि शाहिराच्या पोवाड्यात शेवटी कवनकाराचे नाव येताच मान डोलावली. सांगणारा दिसत असताना रमणे, हीच येथली जुनी रीत आहे. तो दिसू नये ही अपेक्षा छापील कादंबरीबरोबर आली. तिला आता दीडशे वर्षे झाली म्हणून ती सनातन ठरत नाही.

जी. ए. कुलकर्णींनी 'रमलखुणा'तील (१९७५) दीर्घकथांत जे प्रदेश उभारले त्यांना नकाशावर जागा नाही आणि शकही नाही. त्यांना इतिहासकार नको होता, कारण ते नियतीचे प्रदेश आहेत. नेमाड्यांच्या 'हिंदू'त (२०१०) खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक मोहेंजोदडोच्या उत्खननातून आपल्या गावाच्या आठवणींकडे येतो, आणि तेथे इतिहासकार हाच नायक होतो. ही मोठी झेप आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु खंडेराव हा आजचा माणूस आहे. तो भूतकाळ उकरतो; भूतकाळात बसून लिहीत नाही. करहाटाच्या त्या कल्पित स्वयंवरमंडपात एका खांबाला टेकून बसलेला, कोणता राजा किती लवाजम्यानिशी आला याची टाचणे करणारा, रात्री ती टाचणे धन्याच्या मर्जीप्रमाणे बदलणारा कारकून मराठी कादंबरीत अजून यावयाचा आहे.

तोवर निदान अभ्यासक्रमात एक फेरबदल सहज करता येईल. बखरीचा उतारा एका सत्रात आणि विज्ञानकथा दुसऱ्या सत्रात, अशी जी विभागणी चालत आली आहे ती मोडून, भाऊसाहेबांच्या बखरीतील पानिपताचा प्रसंग आणि गंगाधरपंतांची कथा शेजारी शेजारी ठेवाव्यात. त्यांच्या अलीकडे संजयाने भीष्माच्या पतनाची बातमी दिली तो प्रसंग, आणि पलीकडे बिल्हणाचे स्वयंवर भाषांतरात. विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे की प्रत्येक ठिकाणी सांगणारा कोण, त्याचा धनी कोण, आणि त्याने देव कोठे ठेवला आहे. कऱ्हाड परिसरातील महाविद्यालयांना तर यासाठी फार लांब जाण्याचेही कारण नाही. एका सकाळी मुलांना आगाशिवाच्या लेण्यांत न्यावे, तेथला तो त्रोटक दानलेख दाखवावा, आणि त्या दात्याचा बखरकार होऊन दोन पाने लिहावयास सांगावीत. उतरताना मलकापूर लागते. वर्गात पाने वाचली जातील तेव्हा कोणाच्या दात्याने देवाज्ञेवरून लेणे खोदवले आणि कोणाच्या दात्याने व्यापारातल्या नफ्यातून, याची मोजदाद आपोआप होईल.